घाट चढून आलेलं खारं पाणी

द्राक्षाचा हंगाम तोंडावर आला की नारायणगावच्या बागांमध्ये एक ठरलेलं दृश्य दिसतं. बागायतदार घडाच्या टोकाचा एक मणी तोडतो, चिमटीत दाबून त्याचे दोन थेंब वीतभर नळीच्या तिरक्या काचेवर सोडतो, वरची झापडी मिटतो आणि नळी आभाळाकडे धरून एक डोळा बारीक करतो. आत वरचा भाग निळा, खालचा पांढरा. दोन्हींच्या मधली रेघ ज्या आकड्यावर थांबेल ती रसाची गोडी. रेघ अठराच्या पुढे सरकली की व्यापाऱ्याला फोन जातो.

या यंत्राचं नाव रिफ्रॅक्टोमीटर. आतली पट्टी बदलली की तेच यंत्र गोडीऐवजी पाण्याचा खारेपणा सांगतं, आणि तसल्या पट्टीचं यंत्र समुद्री टाकी पाळणाऱ्या माणसाच्या कपाटात हटकून सापडतं. त्याची रेघ ३५ वर हवी, म्हणजे किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार. एखाद-दुसरा अंक इकडेतिकडे झाला तर चालतो. चाळिशी ओलांडली तर काचेआडचे जीव मिटायला लागतात.

पुढच्या पानांवर प्रवाळांच्या टाक्या वर्षानुवर्षं सांभाळलेल्या माणसांच्या आठवणी येतील. त्याआधी घाटमाथ्यावरच्या वाचकाला या छंदाची तोंडओळख करून द्यावी, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू. बाहेरून हा छंद शहरी, खर्चिक आणि थोडा चैनीचा वाटतो. तो तसा आहेही, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण त्यातलं रोजचं काम जुन्नर-आंबेगावच्या माणसाला परकं वाटू नये. मोजायचं, थोडं थोडं द्यायचं, वहीत लिहायचं आणि वाट बघायची. कुकडीच्या पाण्यावर बाग जगवणारा माणूस यापेक्षा वेगळं काय करतो?

समुद्रही या मुलखाला तसा नवा नाही, फक्त तो घाटाखाली आहे. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरला यायचा. घाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आजही आहे आणि गुहेत नागनिकेचा शिलालेखही. जुन्नरच्या लेण्यांना दान देणाऱ्यांमध्ये इरिल, चिट आणि चंद असे तीन यवन आहेत, त्यांची नावं दगडावर कोरलेली आहेत. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात भडोचला उतरणाऱ्या मालाची यादी आहे, तिच्यात प्रवाळ आहे. प्लिनी हा रोमन लेखक तर म्हणतो, की रोमच्या बायकांना मोत्यांचं जेवढं अप्रूप तेवढंच हिंदुस्थानातल्या पुरुषांना पोवळ्याचं. मंगळासाठी अंगठीत घालतात ते तांबडं पोवळं मुळात भूमध्य समुद्रातलं. आपल्याकडे बहुतेकांची प्रवाळाशी पहिली भेट आजही सोनाराच्या दुकानातच होते, आणि तो प्राणी आहे हे कळेपर्यंत निम्मं आयुष्य गेलेलं असतं.

आणखी मागे जायचं तर कुकडीकाठच्या बोरी बुद्रुकला ज्वालामुखीची राख सापडते. ती सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीची. म्हणजे आज प्रवाळ आणि रंगीत मासे जगभर पाठवणाऱ्या इंडोनेशियातून जुन्नरला पहिली खेप आली तेव्हा ती वाहायला कुणाचा बैल लागला नव्हता.

प्रवाळ म्हणजे काय, हे थोडक्यात सांगायला हवं. करंगळीच्या नखाएवढा किंवा त्याहून बारीक मऊ प्राणी, तोंडाभोवती शुंडकांचं कडं आणि बुडाशी चुनखडीची वाटी. असे हजारो जीव शेजारी शेजारी घर बांधतात आणि त्याचं झाड, मेंदू किंवा ताटली होते. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडात साखर बनवतं आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतं. पाणी फार तापलं की हे भाडेकरू बाहेर पडतात, प्रवाळ पांढराफटक होतो आणि लवकर सावरला नाही तर उपासमारीने मरतो. १९९८ साली लक्षद्वीपच्या समुद्रात हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. घरातल्या टाकीत तेच चित्र एप्रिलच्या एका आठवड्यात दिसू शकतं. त्यामुळे समुद्राच्या तापण्याची बातमी या छंदातल्या माणसांना पहिल्यापासून घरची वाटत आली आहे.

आता टाकीचा हिशेब. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी साधारण टाकी घेतली तर तिच्यात सुमारे २५५ लिटर पाणी मावतं. एवढ्याला जवळजवळ नऊ किलो क्षार लागतात. आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचं म्हटलं तरी दर खेपेला पाऊण किलोच्या वर.

ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मग किराणा दुकानातलं खडेमीठ का नाही चालत? ते समुद्राचंच ना?

समुद्राचंच, पण सगळा समुद्र त्यात नाही. मिठागरात पाणी आटू लागलं की आधी जिप्समच्या रूपाने कॅल्शियम खाली बसतं. मग खाण्याचं मीठ धरतं. ते ओढून घेतलं की मागे कडू पाणी राहतं आणि बहुतेक मॅग्नेशियम त्या कडू पाण्यात जातं. आगरी माणूस मधला थर उचलतो, कारण त्याला जेवणाला चव द्यायची असते. ते मीठ पुन्हा पाण्यात विरघळवलं तर पाणी खारट होतं, समुद्राचं होत नाही. प्रवाळाला लिटरमागे चारशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम आणि तेराशेच्या आसपास मॅग्नेशियम लागतं, म्हणजे आगरात जे मागे राहिलं नेमकं तेच. म्हणून टाकीसाठी हिशेबाने बनवलेलं मिश्रण वेगळं विकत घ्यावं लागतं. ठिबकमधून कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट सोडणाऱ्याला हा मुद्दा दोनदा समजवावा लागत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे खरोखरचा समुद्र घरी आणायचा. मुंबईतल्या जुन्या शौकिनांनी तो वर्षानुवर्षं आणला. त्याचे नियम अनुभवातून ठरलेले होते. खाडीचं पाणी नको. भरतीचं हवं, ओहोटीचं नको. जून ते सप्टेंबर तर नावच काढायचं नाही, कारण नद्यांचं गढूळ गोडं पाणी किनाऱ्याशी मिसळलेलं असतं. पाणी पंच्यातून गाळायचं, काळ्या पिंपात झाकून काही आठवडे अंधारात ठेवायचं आणि मगच टाकीत घालायचं. जुन्नरहून हे करायचं म्हणजे माळशेज उतरून पुन्हा चढायचा. वीस लिटरचे बारा-तेरा कॅन, त्यांचं अडीचशे किलोंच्या पुढचं वजन, घाटातली वळणं आणि घट्ट न बसलेलं एखादं बूच. खारं पाणी गाडीचा पत्रा कसं खातं, हे अशा एका खेपेत समजतं. नाणेघाटाच्या रांजणात या मालाची जकात कशी आकारली असती, कोण जाणे.

महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांनी समुद्र काचेआड पहिल्यांदा पाहिला तो मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात. १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ते खुलं झालं. मुंबईला गेलेल्या शाळेच्या सहलीत राणीची बाग आणि तारापोरवाला हे दोन मुक्काम ठरलेले. अंधाऱ्या दालनात हिरवट उजेडाच्या खिडक्या, काचेला नाक लावून उभी मुलं आणि मागून गुरुजींची घाई. २०१५ साली नूतनीकरण झाल्यावर तिथे पारदर्शक बोगदा आला. पण जुन्या माणसांच्या आठवणीत टिकला तो आधीचा अंधारच.

तिथून बाहेर पडलेल्या काही मुलांनी पुढे कमावते झाल्यावर क्रॉफर्ड मार्केट आणि कुर्ल्याच्या दुकानांतून प्लास्टिकच्या पिशवीत निळे डॅमसेल घरी नेले. या मुलखातून जायचं तर एसटीने मुंबई गाठायची आणि परतीच्या प्रवासात पिशवी मांडीवर धरून बसायचं. मासे बहुधा मन्नारच्या आखातातले, रामेश्वरम-तुतिकोरिनच्या बाजूने आलेले. टाकीच्या तळाशी अंडरग्रॅव्हल फिल्टर, त्यावर शिंपल्यांचा चुरा, वर एक ट्यूबलाइट. पंधरा दिवसांत मासे गेले, की पुन्हा कुर्ला.

मासे का मरत होते, हे कळायला बराच काळ गेला, आणि कारण शेतकऱ्याच्या पायाखालीच होतं. जमिनीत युरिया पडला की त्याचा अमोनिया होतो आणि मातीतले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. टाकीतही अगदी तेच चक्र चालतं. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया सुटतो आणि दगड-वाळूवर वाढणारे जिवाणू त्याला पचवतात. फरक एवढाच की नव्या टाकीत हे जिवाणू नसतात. त्यांना वस्ती करायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तोवर पाण्यात विष साठत जातं. जुन्या पद्धतीत या काळात काटक डॅमसेल टाकून ‘टाकी पिकवत’. ते मेले तर मेले. आता त्याऐवजी मोजून अमोनिया घालतात आणि रिकामी टाकी ठेवून वाट बघतात. पहिल्या पिढीच्या आठवणी सांगताना हा भाग बऱ्याचदा गाळला जातो. तो गाळला जाऊ नये. त्या काळात मेलेल्या माशांचा आकडा कुणी ठेवला नाही, आणि छंदाचा इतिहास त्यांच्याच जिवावर पुढे सरकला.

हे पाप एकट्या कुर्ल्याच्या गिऱ्हाइकांचं नव्हे. अ‍ॅक्वेरियम हा शब्द आजच्या अर्थाने रुजवला तो फिलिप गॉस या इंग्रज निसर्गअभ्यासकाने, १८५४ साली निघालेल्या त्याच्या पुस्तकाने. ते इतकं लोकप्रिय झालं की हौशी मंडळी बादल्या घेऊन किनाऱ्यावर उतरली आणि खडकांमधली डबकी खरवडून रिकामी केली. त्याचा मुलगा एडमंड याने पुढे १९०७ मध्ये वडिलांवर लिहिलेल्या पुस्तकात त्या उजाड डबक्यांबद्दल आणि वडिलांना त्याचं किती दुःख झालं याबद्दल लिहून ठेवलं आहे.

गॉसच्याही आधी एक बाई होती. अ‍ॅना थिन हिने १८४६ साली टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला नेले आणि घरात जगवले. तिच्याकडे वीज नव्हती, पंप नव्हता. पाण्यात हवा मिसळावी म्हणून घरातली मोलकरीण उघड्या खिडकीशी उभी राहून रोज अर्धा-पाऊण तास ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत असे. घरात टिकवलेल्या प्रवाळाच्या कथेतला हा पहिला पंप, आणि त्या पंपाचं नाव कुणी नोंदवलेलं नाही.

ही गोष्ट महाराष्ट्रातल्या शौकिनांना परीकथा वाटत नाही. २००५ नंतरची भारनियमनाची वर्षं ज्यांनी काढली, त्यांच्यातले कित्येक जण त्या मोलकरणीच्या जागी उभे राहिलेले आहेत. ग्रामीण भागात वीज बारा-बारा तास जायची. पंप थांबला की पाणी थांबतं, पाणी थांबलं की त्यातला प्राणवायू उतरू लागतो. आधी कोळंबी पृष्ठभागाकडे येते, मग मासे वर तोंड करून उभे राहतात. सेलवर चालणारा हवेचा छोटा पंप असला तर बरं, नाहीतर तांब्या. टाकीत बुडवायचा, हातभर वर उचलायचा, धार सोडायची. पुन्हा बुडवायचा. मेणबत्तीच्या उजेडात धारेचा आवाज आणि घरातल्या बाकीच्यांचं घोरणं. खांदा भरून आला की हात बदलायचा, पहाटेपर्यंत घरातली आणखी दोन माणसं पाळीपाळीने उठवायची. रात्रीच्या पाळीची वीज आली म्हणून दोन वाजता बॅटरी घेऊन मोटार सुरू करायला निघालेल्या शेजाऱ्याने खिडकीतून हे पाहिलं, तर त्याला त्यात वेडेपणा वाटला असेल की ओळख पटली असेल, सांगता येत नाही. इन्व्हर्टर आले आणि तांब्या फडताळात परत गेला.

उन्हाळ्याचं गणित मात्र घाटमाथ्यावर मुंबईपेक्षा सोपं आहे. टाकीचं पाणी २५ ते २७ अंशांत ठेवायचं असतं. मुंबईत हवा दमट, पंखा लावूनही पाणी फारसं उडत नाही आणि मग चिलर नावाचं महागडं यंत्र लागतं. जुन्नर-मंचरची एप्रिलमधली हवा कोरडी. पाण्यावर तिरका पंखा सोडला की पाणी झपाट्याने उडतं आणि दोन-तीन अंशांनी उतरतं. माठ गार होतो त्याच कारणाने. अडचण अशी की उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून रोज तेवढंच गोडं पाणी भरावं लागतं, नाहीतर रिफ्रॅक्टोमीटरची रेघ वर चढत जाते. आणि ते गोडं पाणी बोअरचं चालत नाही. काळ्या पाषाणातलं जड पाणी, त्यात बागायती पट्ट्यात खतांतून झिरपलेलं नायट्रेट. असं पाणी टाकीत गेलं की आठवड्यात दगडांवर हिरवे केस उगवतात. म्हणून आरओ लावावा लागतो, आणि घरगुती आरओ लिटरभर शुद्ध पाण्यासाठी दोन-तीन लिटर वाया घालवतो. आंबेगावच्या पूर्व पट्ट्यात पाण्यासाठी टँकरची वाट बघणाऱ्या गावाजवळ बसून हा छंद करणाऱ्याने ती नळी न्हाणीत न सोडता परसातल्या झाडांना नेली पाहिजे. पुष्कळ जण नेतातही.

चुन्याची गोष्ट थोडी सावकाश सांगायला हवी.

लहान मुलाचे दात यायला लागले की आजी चुन्याची निवळी काढायची. बरणीत कळीचा चुना भिजवायचा, ढवळायचा आणि रात्रभर हलवायचा नाही. सकाळी पांढरा गाळ तळाला आणि वर काचेसारखं पाणी. हात न हलू देता ते वरचं पाणी तेवढं काढून घ्यायचं. जर्मनीत १९७० च्या दशकात पेटर विल्केन्स आणि त्याच्या बरोबरीच्या मंडळींनी प्रवाळांना कॅल्शियम पुरवण्यासाठी जे रसायन रूढ केलं, ते हेच. जर्मन भाषेत त्याचं नाव काल्कवासर, शब्दशः चुन्याचं पाणी. लिटरभर गोड्या पाण्यात दीड ग्रॅमच्या आसपास चुना विरघळतो, उरलेला तळाला बसतो. निवळी इतकी तीव्र अल्क असते की एकदम ओतली तर टाकीतला जीव भाजून निघेल. म्हणून ती थेंबाथेंबाने सोडायची, आणि शक्यतो रात्री, कारण अंधारात शैवालाचं काम थांबलेलं असतं आणि पाण्याचा सामू आपोआप खाली आलेला असतो. दिवसा उडालेल्या पाण्याची भरपाई याच निवळीने करायची, म्हणजे एका थेंबात दोन कामं. जुन्या शौकिनांनी सलाइनची नळी आणि तिचं चाक यासाठी वापरलं आहे. चाक किती फिरवलं म्हणजे मिनिटाला किती थेंब पडतात, हे ज्याचं त्याला पाठ. पृष्ठभागावर साय धरली तर ती ढवळायची नाही, ती हवेतल्या कर्बवायूने बनलेला खडू आहे. बरणीचं झाकण घट्ट ठेवायचं.

परदेशी पुस्तकांतून आलेली ही ‘आधुनिक पद्धत’ वाचताना आपल्याकडच्या किती जणांना फडताळातली ती बरणी आठवली असेल, हा भाग निदान या प्रस्तावनेपुरता महत्त्वाचा आहे. या छंदात अशी ओळखीची माणसं वेगळ्या नावाने भेटतात. पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढणाऱ्या स्किमरमध्ये हवा ओढायला व्हेंच्युरी असते, तीच जी ठिबकच्या पाइपला खत ओढायला जोडलेली असते. पाण्यातून अमोनिया शोषायला काही जण झिओलाइटचे खडे वापरतात. दख्खनच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत स्फटिकांची जी फुलं निघतात आणि जगभरची संग्रहालयं मिरवतात, त्यांतली बरीचशी त्याच कुळातली. आणि प्रवाळ वाढवायचा असतो तो छाट कलमाने. फांदी तोडायची, दगडाच्या तुकड्यावर फेविक्विकच्या जातीच्या गोंदाने चिकटवायची, प्रवाहात ठेवायची. बर्लिनच्या डिट्रिश श्ट्यूबर या हौशी माणसाने एका अ‍ॅक्रोपोरा प्रवाळाच्या अशाच छाट मित्रांत वाटल्या. त्या हातोहात इतक्या पसरल्या की तो प्रवाळ शौकिनांमध्ये त्याच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. सोनाका किंवा थॉमसनची काडी या गावातून त्या गावात कशी गेली, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

त्याहीआधी, १९६१ साली, जाकार्ताच्या ली चिन एंग याने आपली ‘नैसर्गिक पद्धत’ एका अमेरिकी मासिकात मांडली होती. समुद्रातून जिवंत दगड आणायचे, ऊन द्यायचं, हवेचे बुडबुडे सोडायचे, बाकी छेडछाड करायची नाही. यंत्रांवर भिस्त असलेल्या पाश्चात्त्यांनी ती तेव्हा फारशी मनावर घेतली नाही आणि पुढे तीच वेगळ्या वाटेने स्वीकारली.

भारतात मात्र प्रवाळाची छाट वाटण्याचा प्रश्न २००१ सालीच निकालात निघाला. त्या जुलैमध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे घालण्यात आले. समुद्रघोडेही त्यातच आले. म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच आता टाकीतल्या फांदीला. एका रात्रीत कित्येकांचा शोभेचा छंद गुन्ह्याच्या हद्दीत गेला. यावर शौकिनांमध्ये आजही वाद आहे. टाकीत वाढवलेली छाट आणि समुद्रातून उखडलेला तुकडा यांत कायदा फरक करत नाही, ही त्यांची तक्रार, आणि तिच्यात तथ्य आहे. पण मन्नारच्या आखातात एके काळी प्रवाळ फोडून चुन्याच्या भट्ट्यांत जाळला जात होता, हे लक्षात घेतलं तर कायदा कडक का झाला तेही कळतं. नंतर २०१७ मध्ये शोभेच्या माशांच्या दुकानांसाठी केंद्राने नियम आणले. त्यात क्लाउनफिशसकट दीडशेहून अधिक जाती विकायला बंदी होती. व्यापाऱ्यांनी आरडाओरडा केला आणि त्याच वर्षी ते मागे घेण्यात आले.

दगडी प्रवाळ गेल्यावर बरेच जण मऊ प्रवाळांकडे आणि झोअँथिड नावाच्या बटणफुलांकडे वळले. इथे एक इशारा द्यायलाच हवा. काही झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन हे अतितीव्र विष असतं. त्यांचा दगड साफ करायला उकळत्या पाण्यात टाकल्याने वाफेतून अख्खी कुटुंबं रुग्णालयात गेल्याचे प्रकार परदेशांत घडले आहेत. दगड उकळायचा नाही. जखमेच्या हाताने हाताळायचाही नाही.

महाराष्ट्राच्या स्वतःच्या प्रवाळांबद्दल या सगळ्या गडबडीत फारसं कुणी बोलत नव्हतं. १९७९ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या कासिम आणि वफर या शास्त्रज्ञांनी पश्चिम किनाऱ्यावरच्या जिवंत प्रवाळांची नोंद प्रसिद्ध केली, तिच्यात मालवण आणि रत्नागिरी होते. १९८७ मध्ये मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं. २०२० च्या नोव्हेंबरात सागरी किनारा रस्त्याच्या कामासाठी हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरचे प्रवाळ उचलून दुसरीकडे लावले गेले, तेव्हा कित्येक मुंबईकरांना आपल्या दाराशी प्रवाळ आहे ही बातमीच होती. सुमात्राहून आलेला तुकडा हजारो रुपयांना घेणाऱ्यांनाही होती. ही बाब जरा लाजिरवाणीच म्हणायला हवी.

मासे मात्र आता समुद्र न लुटता मिळू लागले आहेत. २००३ मध्ये ‘फाइंडिंग निमो’ आला आणि घरोघरी मुलांनी केशरी-पांढऱ्या माशाचा हट्ट धरला. चित्रपट सांगतो त्याच्या नेमकी उलट मागणी. क्लाउनफिशची पैदास करण्याचं तंत्र केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने आपल्याकडे बसवलं आणि नवी मुंबईत ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानच्या केंद्रातही सागरी शोभिवंत माशांची हॅचरी उभी राहिली. हा मासा सांभाळला तर वीस वर्षं जगतो. सगळे नर म्हणून वाढतात, टोळीतला सर्वांत मोठा मादी होतो, आणि ती मेली तर तिचा जोडीदार नर मादी होतो. निमोच्या वडिलांचं पुढे काय व्हायला हवं होतं, हे चित्रपटाने मुलांना सांगितलं नाही ते बरंच केलं.

ही पैदास घरीही होते, आणि जुन्या माणसांच्या आठवणींत तिची पानं सर्वांत जास्त भरलेली असतात. मादी दगडावर केशरी अंड्यांचा पट्टा घालते. नर त्यावर पंखांनी वारा घालतो, मेलेलं अंडं तोंडाने उचलून टाकतो. दिवसागणिक अंडी करडी होत जातात, मग त्यांत डोळ्यांचे चंदेरी ठिपके दिसू लागतात. तोवर गच्चीवर हिरव्या पाण्याची पिंपं तयार असावी लागतात. त्यांना खत म्हणून अमोनियम सल्फेट, सुपर फॉस्फेट आणि युरिया, म्हणजे कृषी सेवा केंद्रातलाच माल. त्या हिरव्या पाण्यावर रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव वाढतात आणि ते पिल्लांचं पहिलं अन्न. पिंप एका ढगाळ आठवड्यात बसलं तर पिल्लं उपाशी मरतात, मग अंडी कितीही छान असोत.

आठव्या दिवसाच्या आसपास खोलीतले सगळे दिवे मालवायचे. दारावर पडदा, मोबाइल उलटा, टीव्ही बंद. अंडी उजेडात फुटत नाहीत. तासा-दीड तासाने टाकीच्या एका कोपऱ्याशी बारीक बॅटरी धरायची आणि तिथेच थांबायचं. आधी काहीच दिसत नाही. मग उजेडाच्या झोतात तांदळाच्या कणीएवढे, काचेसारखे, फक्त डोळ्यांनी ओळखू येणारे जीव एकेक करून जमायला लागतात आणि नर अजूनही रिकाम्या दगडावर वारा घालत असतो.